सात जणींचा मोर्चा

आमच्या कामणला गाडीची वाट पाहणे हा नेहमीचाच उद्योग. वसई रोड-दिवा मार्गावर गाड्या मोजक्या. एकदा अशीच कामण रोडच्या फलाटावर बसले होते. शेजारच्या बाई दिव्याला गाडी बदलून चिपळूणकडे, माहेरी निघाल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, ‘‘ताई, माझा तलाक पोस्टानं आला. बरीच वर्षं झाली. मला वाचता येत नव्हतं, पोस्टमननंच वाचून दाखवला.’’

चिपळूण म्हटल्यावर मला हमीद दलवाई आठवले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. ‘इंधन’ कादंबरीचा लेखक, आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’तला पत्रकार. पण पत्रकाराने लिहून थांबावे, हे त्यांना मान्य नव्हते. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर त्यांनी मोर्चा नेला. मोर्चात मुस्लिम बायका किती? सात! आमच्या नळाच्या रांगेतही याहून जास्त असतात. मागण्या मात्र मोठ्या होत्या : तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा करा.

मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांच्या घरातले. १९५६ मध्ये मेहरुन्निसाबाईंशी त्यांचा रीतसर निकाह झाला आणि महिनाभरात दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न केले. म्हणजे तीनदा शब्द उच्चारून बायकोला घराबाहेर काढण्याची सोय या नवऱ्याने स्वतःपुरती आधीच बंद केली होती. मोर्चा त्यानंतर दहा वर्षांनी निघाला.

१९७० मध्ये पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. १९७७ मध्ये, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. मेहरुन्निसाबाई घरी बसल्या नाहीत. तलाकपीडित बायकांच्या कामात त्या पुढे कितीतरी वर्षे राहिल्या. जून २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. अडीच महिने! २०१९ च्या कायद्याने तो गुन्हाही ठरला. महाराष्ट्रात बहुपत्नीत्वाची मागणी अजून तशीच आहे.

त्या बाईंना मी दलवाईंचे नाव सांगितले. त्यांनी ते कधी ऐकले नव्हते. ‘‘मिरजोळी ठाऊक आहे,’’ म्हणाल्या. तेवढ्यात गाडी आली.