मदतीचा हात आणि संशयाची नजर
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरात अडकलेल्या माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि अनेक जीव गेले. ती नाव लष्कराची नव्हती, आपत्ती प्रतिसाद दलाचीही नव्हती. गावकऱ्यांनीच ती पाण्यात घातली होती. शासन येईल तेव्हा येईल, तोवर शेजाऱ्याला बुडू द्यावयाचे नाही, एवढाच त्यामागील विचार. कृष्णाकाठी त्या महिन्यात मदतीच्या गाड्यांची रीघ लागली. त्याच काळात मदतीच्या धान्यावर सत्ताधाऱ्यांच्या छायाचित्रांची लेबले चिकटविल्यावरून गदारोळही झाला. मदत कोणाच्या नावाने पोहोचते, याची सत्तेला केवढी काळजी असते हे त्यातून दिसले.

ही काळजी जुनीच आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे पाठवून हकिकती गोळा केल्या, तेव्हाच सरकारच्या भुवया उंचावल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या प्रभावाखालील सभेने आणखी पुढचे पाऊल टाकले. सरकारच्याच दुष्काळसंहितेत रयतेला कोणते हक्क दिले आहेत, हे तिचे प्रतिनिधी खेडोपाडी सांगू लागले. सारा माफ वा तहकूब होऊ शकतो, हे शेतकऱ्याला सांगणे म्हणजे चिथावणी ठरली. मार्च १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सभेने नुसत्या भाकरी वाटल्या असत्या तर बहुधा कोणी हरकत घेतली नसती.

स्वराज्यात आरोपाचे नाव बदलले. ते ‘परदेशी हात’ असे झाले. परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९७६ साली, आणीबाणीत संमत झाला. मधु दंडवत्यांसारखे संसदपटू तेव्हा तुरुंगात होते. १९८२ साली कुदाल आयोग नेमला गेला आणि गांधी शांती प्रतिष्ठान, सर्व सेवा संघ यांसारख्या संस्थांची वर्षानुवर्षे झडती चालली. जयप्रकाशांच्या आंदोलनाशी या संस्थांचा संबंध होता, हे उघड गुपित होते.

परंतु येथे समाजवाद्यांनी आणि एकूण डाव्यांनीही आपला हिशेब मांडावयास हवा. १९७७ साली जनता सरकार आले, त्यात दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस मंत्री होते. तरीही १९७६ चा तो कायदा रद्द झाला नाही. १९८४ साली प्रकाश करात यांनी स्वयंसेवी गटांना साम्राज्यवादी डावपेचांचा भाग ठरविणारा लेख लिहिला. पैशामागून धोरणे येतात, ही त्यामागील भीती निराधार नव्हती. पण संशयाचे हत्यार एकदा घासून ठेवले की ते कोणाच्या हाती जाईल हे ठरविणे घासणाऱ्याच्या हाती राहत नाही.

ते कोठे गेले हे सप्टेंबर २०२० मध्ये दिसले. २०१० च्या नव्या कायद्यात दुरुस्ती करताना केंद्र सरकारने सांगितले की, २०११ ते २०१९ या काळात १९ हजारांहून अधिक संस्थांची नोंदणी रद्द करावी लागली. ऐकणाऱ्याला वाटावे, एवढे चोर! वस्तुतः २०१५ साली एका फटक्यात जवळजवळ ९ हजार नोंदण्या गेल्या, त्या वार्षिक विवरणपत्रे न भरल्याबद्दल. हा दोषच आहे. पण कागद न भरणे म्हणजे राष्ट्रद्रोह नव्हे.

या दुरुस्तीने एका नोंदणीकृत संस्थेने परदेशी देणगीतील पैसा दुसऱ्या संस्थेस देण्यावर बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. संस्था जतची असो वा म्हसवडची, परदेशी देणगीचे खाते स्टेट बँकेच्या दिल्लीतील मुख्य शाखेतच हवे. त्या खात्यांची मुदत ३० जून २०२१ पर्यंत वाढवून मिळाली खरी, पण ती करोनाच्या दुसऱ्या लाटेत, प्राणवायूसाठी धावाधाव चालली असताना. ‘पीएम केअर्स’ निधीला मात्र या कायद्यातून सूट! सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये या दुरुस्तीतील मुख्य तरतुदी वैध ठरविल्या.

यातील पहिली बंदी सर्वांत घातक आहे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. अशा डोंगरी वस्तीत मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेला वाट ठाऊक नसते; कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे, कोणाची जनावरे गाडली गेली, हे तेथल्या लहान मंडळाला ठाऊक असते. पूर्वी मोठी संस्था त्या मंडळाला पैसे देऊ शके. आता परदेशी देणगी असेल तर तिने स्वतःची माणसे पाठवावीत, स्वतः खरेदी करावी. ज्यांचे सारे उत्पन्न देशी वर्गणीचे आहे, त्यांना कायदा अडवीत नाही. मात्र शंका त्यांनाही चिकटते. पावती फाडताना ‘तुमचा पैसा नेमका कुठून येतो?’ असे वर्गणीदार विचारतो, आणि पुढच्या वेळी दार उघडत नाही.

हिशेब मागू नका, असे येथे कोणी म्हणत नाही. तो गावात, ग्रामसभेपुढे मोठ्याने वाचला जावा. कोणती वस्तू कोणत्या भावाने घेतली आणि कोणत्या वस्तीत वाटली, हे फळ्यावर लिहिले जावे. ज्यांना ती मदत मिळाली त्यांच्यासारखे चोख हिशेबतपासनीस दिल्लीत नाहीत. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांची इशारा पातळी गाठते, तेव्हा नाव कोणी काढायची हे काठच्या गावांना तासाभरात ठरवावे लागते.