फुकट तिकिटाची किंमत

(कामगार अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)

पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशात लोहखनिजाच्या खाणी आहेत. १९६० नंतर तेथे कंपन्यांनी टॉम प्राइस, न्यूमन यांसारखी गावे वसविली. घरे, शाळा बांधल्या. मालकांचीच गावे ती; त्यांचे गोडवे मी गाणार नाही. पण शेजारी राहणारे कामगार संध्याकाळी एकत्र बसत. त्यातून संघटना कशी उभी राहते, हे गिरणगाव पाहिलेल्यांना सांगावयास नको.

आज हजारो खाणकामगार हजारएक किलोमीटरवरील पर्थहून कंपनीच्या खर्चाने विमानाने येतात. कित्येकांची पाळी अशी: आठ दिवस रोज बारा तास काम, मग सहा दिवस घर. तिकीट फुकट म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही. गाव बांधण्यापेक्षा तिकीट स्वस्त पडते, एवढाच त्याचा अर्थ. मुलाचा ताप, पत्नीचे एकटेपण मालकाच्या खतावणीत चढत नाही. अखेर २०१५ साली तेथील विधिमंडळाच्या समितीला या कामगारांच्या मानसिक स्वास्थ्याची चौकशी करावी लागली; २०२२ साली खाणींवरील स्त्रियांच्या लैंगिक छळाची.

क्वीन्सलंडने २०१७ साली कायदा केला: जवळ गाव असता मोठ्या खाणीला सगळेच कामगार विमानाने आणता येणार नाहीत. निदान एवढी तरतूद पिलबारातही हवी, आणि प्रवासाचे तास कामात धरले पाहिजेत.