लॉकडाऊनमधले दोन हजार: मेसेज कुणाला आला, कुणाला नाही?

आजचा एपिसोड छोटा आहे आणि विषय पैशाचा आहे. कोरोनात पीएम किसानचे २,००० रुपये शेतकऱ्यांच्या खात्यावर आले. बारामती-इंदापूरकडचे जे कोणी ऐकताय, तुमच्या घरी तो मेसेज आला असेल. किंवा आला नसेल. आज बोलायचंय ते या 'नसेल'वर.

आधी तारखा बघू. २५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पॅकेज जाहीर केलं. त्यात शेतकऱ्यांना काय? २,००० रुपये, एप्रिलच्या सुरुवातीला. आता गंमत बघा. पीएम किसान २०१९ पासून चालूच होती. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. म्हणजे जो हप्ता येणारच होता, तो जरा लवकर आला. अडचणीत हातात पैसे पडले, हे चांगलंच झालं. पण जादा काही मिळालं नाही.

आणि नुकसान किती होतं? आपल्याकडचं दूधच घ्या. हॉटेलं बंद, चहाच्या टपऱ्या बंद, मिठाईची दुकानं बंद. तिशीच्या आसपासचा गाईच्या दुधाचा दर विशीपर्यंत आला, काही ठिकाणी त्याच्याही खाली. समजा, दोन गाई आहेत, दिवसाला २० लिटर दूध. लिटरमागे १० रुपये गेले, तर रोजचे २०० गेले. म्हणजे २,००० रुपये बरोबर दहा दिवसांत संपले. लॉकडाऊन किती दिवस चालला, ते तुम्हाला माहितीये.

राज्य सरकारनं रोज १० लाख लिटर दूध २५ रुपयांनी घेऊन त्याची पावडर करायचं ठरवलं. पण ही खरेदी सहकारी संघांमार्फत. ज्याचं दूध खाजगी डेअरीच्या सेंटरवर जातं, त्याचं काय? म्हणून तर ऑगस्टमध्ये राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं थेट बारामतीत मोर्चा काढला. मागणी साधी होती: अनुदान डेअरीला नको, उत्पादकाच्या खात्यावर द्या.

आता थोडं माझ्या धंद्यातलं बोलतो. कुठल्याही डेटाबेसला एक मुख्य ओळख लागते. पीएम किसानची ओळख काय? सातबारा. जमीन नावावर असेल तर तुम्ही शेतकरी. मग वाट्यानं शेती करणारा? यादीत नाही. जमीन नाही पण चार गाई आहेत, तो? नाही. पहाटे उठून धारा काढणारी बाई, जिच्या नावावर गुंठाभर रान नाही? तीही नाही. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. कॉम्प्युटरनं सांगितलेलं चोख केलं. शेतकरी म्हणजे कोण, हे आधी माणसांनी ठरवलं होतं.

अमेरिकेत त्याच वर्षी १६ अब्ज डॉलर थेट शेतकऱ्यांना द्यायचं ठरलं. तिथं डेअरीवाल्याचा हिशोब त्यानं काढलेल्या दुधावर झाला. त्यातही खोट होतीच: ज्याचा माल मोठा, त्याची रक्कम मोठी. पण निदान नुकसान ज्याचं झालं, पैसा त्याच्याशी जोडलेला होता. आपल्याकडे तो जमिनीशी जोडला गेला.

'झालं गेलं, आता काय त्याचं' असं म्हणाल, तर थांबा. २०२३ मध्ये राज्यानं 'नमो शेतकरी' योजना आणली, वर्षाला आणखी ६,००० रुपयांची. तिचे लाभार्थी कुठून घेतले? पीएम किसानच्याच यादीतून. म्हणजे एकदा यादीबाहेर राहिलेला माणूस दुसऱ्यांदाही बाहेरच.

तर एक काम करा. पीएम किसानच्या वेबसाईटवर गावनिहाय लाभार्थी यादी मोबाईलवरच दिसते. आपलं गाव उघडा. आपलं नाव शोधालच, पण गावात रोज डेअरीवर दूध घालणारे कोण कोण आहेत, तेही आठवा आणि त्यातली किती नावं दिसतात ते मोजा. पुढच्या ग्रामसभेत हा आकडा बोलून दाखवा. पुढच्या संकटात यादी नव्यानं करायला वेळ मिळणार नाही, हीच वापरली जाईल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!