चावडीवरचे पंधरा दिवस

(वाकड येथील कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



हनुमान जयंतीला हिंजवडीहून वाकडकडे म्हातोबाचे बगाड निघते, तेव्हा गळाचा मान कोणत्या घराण्याचा, खांदा कोणी द्यायचा, हे कोणाला कागद उलगडून पाहावे लागत नाही. ती नोंद गावाच्या स्मरणात आहे. दरवर्षी सारे गाव साक्षीला उभे राहते, म्हणून ती बदलत नाही. पण याच गावातील जमिनीची नोंद शासनाने लिहून ठेवली आहे, ती पाहण्याचा अधिकार प्रत्येकाला दिला आहे, आणि तरीही ती आपल्यापैकी किती जणांनी स्वतः वाचली आहे? आज मला एवढ्याच प्रश्नावर बोलायचे आहे.

वाकड १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. आज या सभागृहात दोन प्रकारची कुटुंबे बसलेली आहेत. एक येथील मूळ ग्रामस्थांची, ज्यांच्या शेतांवर या इमारती उभ्या राहिल्या. दुसरी विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकणातून नोकरीसाठी आलेल्यांची, ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून येथे घर घेतले. पहिल्यांना वाटते, ‘आपण गावचेच, आपली जमीन आपल्याला ठाऊक आहे.’ दुसऱ्यांना वाटते, ‘बँकेने कर्ज देताना कागद तपासलेच असतील.’ दोघेही कागद वाचत नाहीत, आणि दोघांचीही चूक एकच आहे.

महजरापासून सातबाऱ्यापर्यंत

जमिनीची नोंद लोकांसमक्ष व्हावी, हा विचार आपल्याला इंग्रजांनी शिकवलेला नाही. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा उभा राहिला, की गोतसभा बसत असे. पाटील, कुलकर्णी, शेजारच्या गावचे वतनदार आणि बलुतेदार यांच्यासमोर वादी-प्रतिवादींचे म्हणणे ऐकले जाई आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर कारागिरांच्या निशाण्या असत. सुताराचा वाकस, कुंभाराचे चाक. ज्याला अक्षर येत नव्हते तोही साक्षीदार होता.

इंग्रजी अमलात १८३० च्या दशकात आपल्याच पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची नव्याने मोजणी व आकारणी केली, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तिचा हेतू सारावसुलीचा होता. जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे याची नोंद ठेवणारा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली आला. आज आपल्याला लागू आहे तो महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. या कायद्याच्या कलम ३२७ नुसार नकाशे व भूमी अभिलेख नागरिकांना पाहण्यासाठी खुले आहेत. नोंद सार्वजनिकच आहे. उणीव आहे ती साक्षीदारांची.

उतारा कसा वाचावा

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये हक्क, बारामध्ये पिके. जमीन बिगरशेती झाली की पिकांच्या नोंदीला अर्थ उरत नाही. उतारा हाती आला की चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, भूधारणा पद्धती. ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर हस्तांतरणास सर्वसाधारणपणे शासनाच्या परवानगीची अट नाही. ‘वर्ग २’ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करता येत नाही. दुसरी, क्षेत्र. उताऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. १०० आर म्हणजे एक हेक्टर. आपण बोलतो गुंठ्यात. ४० गुंठ्यांचा एकर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे, पण एक नव्हेत. आर १०० चौरस मीटरचा, तर गुंठा १०१ चौरस मीटरहून किंचित मोठा. तिसरी, ‘इतर अधिकार’ हा रकाना. बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, न्यायालयाची मनाई येथे दिसते. घाईत असलेला माणूस नाव पाहतो आणि हा रकाना सोडून देतो. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची, नावासोबत असलेला फेरफार क्रमांक.

सातबारा सांगतो आज काय आहे. ते तसे का झाले, हे फेरफार सांगतो. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी, वारस, वाटणी, बक्षीसपत्र, हक्कसोड या प्रत्येक कारणाची हकिकत तेथे असते. एकामागून एक फेरफार मागे वाचत गेलात, की त्या जमिनीची वंशावळ उभी राहते. त्याच्या जोडीला दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोन पाहावी. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार तीही कोणालाही पाहता येते. गावठाणात किंवा जेथे नगर भूमापन झाले आहे तेथे सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते. आणि एक सूचना: आपण राहतो पिंपरी-चिंचवडमध्ये, पण वाकडच्या जमिनीच्या कागदांवर तालुका मुळशी दिसतो, ज्याचे ठाणे पौडला आहे. संगणकावर तालुका चुकीचा निवडला, तर ‘आमचे गावच सापडत नाही’ म्हणून माणूस उठून जातो.

येथे एक गैरसमज दूर करतो. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे नाही. कलम १५७ नुसार ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही किंवा संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. घरपट्टीची पावती तर मालकीचा पुरावा मुळीच नव्हे. ती केवळ कर भरल्याची खूण आहे. म्हणून दस्त, फेरफार आणि उतारा हे तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत.

मौन हीच संमती

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नवा फेरफार नोंदवहीत आला, की तो लगेच पक्का होत नाही. कलम १५० नुसार तलाठ्याने, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, त्याची प्रत चावडीवर लावायची आणि हितसंबंधितांना नोटीस द्यायची असते. हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्याविरुद्ध साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. पण तेव्हा लढाई चढावरची झालेली असते.

हे पंधरा दिवस म्हणजे आपल्या जुन्या गोतसभेचा उरलेला अंश आहे. पूर्वी सारे गाव समोर असे. आज भिंतीवर कागद असतो आणि समोर कोणी नसते. आता ही नोटीस ‘आपली चावडी’ या शासकीय संकेतस्थळावरही दिसते. अमेरिकेत असलेल्या मुलालाही ती वाचता येते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. पंधरा रुपयांत तो घरबसल्या मिळतो. अडचण सोयीची राहिलेली नाही. अडचण आपल्या सवयीची आहे.

न वाचल्याने काय होते, याची तीन ठिकाणे सांगतो.

पहिले आपल्याच घरातले. वडील गेले, वारस नोंद झाली, आणि बहिणीचे नाव लागले नाही. ‘तिचे लग्नात केले आहे’ असे आपण सहज म्हणतो. महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो सर्व मुलींना मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितले, की हा हक्क जन्मतः आहे. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री तेवढ्या अबाधित राहतात. बहिणीला हक्क सोडायचाच असेल, तर तो तिच्या मनाने, कागद वाचून, नोंदणीकृत दस्ताने सोडू द्यावा. भाऊबीजेच्या ताटाखाली सहीचा कागद सरकवणे हा आपला कुटुंबधर्म नव्हे. जमिनीचे भाव वाढले तेव्हा या पट्ट्यात किती घरांत बोलाचाल तुटली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

दुसरे ठिकाण आपली गृहनिर्माण संस्था. सदनिकेचा स्वतंत्र सातबारा नसतो. आपल्याजवळ असतो नोंदणीकृत करारनामा आणि सूची दोन. इमारतीखालची जमीन मात्र पुष्कळदा मूळ शेतकऱ्याच्या किंवा विकसकाच्या नावावरच राहते. १९६३ च्या सदनिका मालकी अधिनियमाखालील नियमांप्रमाणे, करारात अन्य मुदत नसेल तर, संस्था स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत विकसकाने जमिनीचे हस्तांतरण करून द्यावयाचे असते. तो ते देत नसेल, तर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला झाला. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करावा लागतो. येथेही एक पाऊल राहून जाते. दस्त नोंदवला की समारंभ होतो, पेढे वाटले जातात, आणि उताऱ्यावर संस्थेचे नाव लावायचे कोणालाच आठवत नाही. उद्या पुनर्विकासाचा प्रश्न आला, की जमीन कोणाची हा पहिला प्रश्न असेल.

तिसरे ठिकाण देवाचे. हिंदू विधिपरंपरेत देवता ही स्वतः व्यक्ती मानली जाते. ती मिळकत धारण करू शकते. देवस्थान इनाम जमिनीच्या उताऱ्यावर देवाचे नाव असते आणि पुजारी हा वहिवाटदार असतो. पण पिढ्या बदलतात, लिहिताना देवाचे नाव गळते आणि वहिवाटदाराचे राहते. पुढे त्याच नावाने व्यवहार होतो. ६ सप्टेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मालकाच्या रकान्यात देवतेचेच नाव असले पाहिजे. पुजारी हा मालक नव्हे, तो देवाच्या वतीने व्यवस्था पाहणारा आहे. मंदिराच्या जमिनी गेल्या म्हणून आपण सभा घेतो, निवेदने देतो. ते योग्यच आहे. पण त्या मंदिराचा फेरफार आपण काढून वाचला होता का? परक्याने नेण्याआधी पुष्कळदा आपल्याच दुर्लक्षाने देवाचे नाव पुसले गेलेले असते, आणि देव हरकत घ्यायला चावडीवर येत नाही. त्याच्या वतीने भक्ताने यायचे असते.

एक छोटे काम

मोठे आंदोलन मी सुचवत नाही. येत्या रविवारी घरातील तरुण मुलाने किंवा मुलीने आजोबांजवळ बसावे, आपल्या जमिनीचा उतारा काढावा आणि मोठ्याने वाचावा. कोणते नाव कोणाचे, कोणता फेरफार कशाचा, हे आजोबांनी सांगावे. एक धारिका करावी आणि तिची माहिती घरातील लेकी-सुनांनाही असावी. संस्थेच्या सचिवांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत इमारतीच्या जमिनीचा उतारा सभासदांसमोर ठेवावा. मंदिराच्या विश्वस्तांनी देवस्थानचा उतारा वर्षातून एकदा, उत्सवाच्या दिवशी, ग्रामस्थांसमोर वाचावा. आणि कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील एकट्या वृद्धांसाठी, विधवा भगिनींसाठी महिन्यातून एकदा चावडीवरच्या नोटिसा पाहाव्यात. यात कोणाविरुद्ध संशय नाही. ही राखण आहे.

बगाडाच्या दिवशी सारे गाव रस्त्यावर उभे राहते, म्हणून मान चुकत नाही. तसेच गाव वर्षातून काही दिवस आपल्या नोंदींसमोर उभे राहिले, तर बहिणीचा हक्क, शेजाऱ्याचे घर आणि देवाची जमीन, तिन्ही सुरक्षित राहतील. चावडीवरचे पंधरा दिवस आपल्यासाठीच ठेवलेले आहेत. ते रिकामे जाऊ देऊ नका, एवढीच विनंती करून मी थांबतो.