पगार येतो, कर्ज जात नाही

(रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



वर्गाच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या कर्जाची हकीगत सांगा." आम्ही आधी नको म्हटले. कर्जाची गोष्ट कोणी चारचौघांत सांगतो का? लग्नात किती खर्च केला हे माणूस हौसेने सांगतो. त्यासाठी कुठून पैसा काढला, ते सांगत नाही. पण मग वाटले, सांगावे. बोलायला एकजण उभे आहोत, पण गोष्ट आम्हां दोघांची आहे. म्हणून 'आम्ही' म्हणतो.

आमच्यातला एक हायस्कुलात शिपाई आहे. दुसरी दोन म्हशी सांभाळते आणि डेअरीला दूध घालते. पगार महिन्याला हातात येतो. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते. म्हणजे पाऊस पडो, न पडो, आमच्या घरी पैसा येतोच. गावात लोक म्हणायचे, "तुम्हांला काय कमी? तुमचं बरं आहे." आम्हांलाही तसेच वाटायचे. आणि तरीही दर महिन्याच्या वीस तारखेला घरात तेल उसने आणायची वेळ यायची.

कर्ज काही चैनीसाठी काढले नव्हते. २०१९ च्या मे महिन्यात मुलीचे लग्न झाले. पतसंस्थेतून दीड लाख काढले, पाच वर्षांच्या मुदतीने. त्याच साली दिवाळीनंतर आबांचे, म्हणजे आमच्या सासऱ्यांचे ऑपरेशन झाले. रात्री अकरा वाजता दवाखान्यातून फोन आला, पैसे भरा. रात्री अकराला कोणती बँक उघडी असते? सावकार मात्र उघडा असतो. त्याच्याकडून ४०,००० घेतले, शेकडा पाच दराने. कोऱ्या मुद्रांकावर सही करून दिली. २०२० मध्ये चांगली दुभती म्हैस मेली. दुसरी घ्यायला आत्याबाईंची, म्हणजे आमच्या सासूबाईंची दोन तोळ्यांची बोरमाळ बँकेत ठेवून ५०,००० उचलले. २०२१ च्या दसऱ्याला मोटारसायकल घेतली. शाळा सहा किलोमीटरवर आहे, एस.टी. वेळेवर येत नाही, म्हणून घेतली. तिचे कर्ज ६०,०००. आणि बायकांच्या गटाचे साप्ताहिक कर्ज होतेच, ३०,०००. ते फिटले की पुन्हा घ्यायचे.

एकेक कर्ज पाहिले तर प्रत्येकाला कारण होते. ती सगळी एकत्र कधी पाहिलीच नाहीत, तिथेच आमची चूक झाली.

आता एक लाजेची गोष्ट सांगतो. सावकाराचे कर्ज फिटले, असे आमच्यातल्या एकाने घरात सांगून ठेवले होते. फिटले नव्हते. दर महिन्याला २,००० रुपये गुपचूप जात होते. आणि दुसरीने गटाचे कर्ज म्हशीच्या पेंडीसाठी घेतले असे सांगितले, ते खरे किराणा दुकानाची उधारी भागवायला घेतले होते. दोघेही एकमेकांची काळजी वाचवायला खोटे बोलत होतो. घरात भांडण नव्हते, पण बोलणेही नव्हते.

मग २०२२ साली ती या वर्गाला येऊ लागली. बाराखडी झाली, आकडे झाले. दिवाळीनंतर एके दिवशी शर्ट धुवायला घेतला, तर खिशात चिठ्ठी. पूर्वीची असती तर पाण्यात भिजून गेली असती. पण आता वाचता येत होते. चिठ्ठीवर लिहिले होते, 'व्याज २०००, महिना ३६ वा.' ती चुलीपुढे बसून राहिली. मग हिशेब केला. छत्तीस महिने, दोन दोन हजार. बहात्तर हजार! आणि मुद्दल? चाळीस हजार, जसेच्या तसे.

त्या रात्री जेवण झाले नाही. ओरडा झाला, रडणे झाले. आबा म्हणाले, "माझ्यापायी झालं हे सगळं." तेव्हा कुठे आम्ही दोघे गप्प झालो.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचे कॅलेंडर काढले. मागच्या कोऱ्या बाजूवर सगळे लिहिले. तुम्हीही आकडे नीट ऐका.

घरात येणारे: पगार २२,०००. दुधाचे, पेंड-वैरण वजा जाता, सरासरी ४,५००. एकूण २६,५००.

हप्त्यात जाणारे: पतसंस्था ३,५७०. मोटारसायकल ३,१००. गट, आठवड्याला ६५० प्रमाणे, महिन्याला २,८००. सावकार २,०००. बोरमाळेचे व्याज वर्षाला ६,०००, म्हणजे महिन्याला ५००. झाले जवळजवळ १२,०००.

उरले १४,५००. आणि घरखर्च होता १७,०००. पाच माणसे, मुलाचे कॉलेज, आबांची औषधे. म्हणजे दर महिन्याला अडीच हजारांचे भोक. ते भोक दुकानदाराच्या वहीत पडायचे. वर्षाला तीस हजार. आणि दर वर्षी गटाचे नवे कर्ज किती घेत होतो? तीस हजार! तेव्हा उलगडा झाला. जुने कर्ज फेडण्याइतकेच नवे कर्ज आम्ही दर साल काढत होतो. घाण्याच्या बैलासारखे चालत होतो, पण जागा तीच.

लोक सांगतात, चहा कमी करा, विडी सोडा, कर्ज फिटेल. विडी सोडलेली बरीच. पण आमच्या घरी चहा-साखरेला महिन्याला सातशे लागत होते, आणि नुसत्या व्याजाला चार हजारांच्या आसपास जात होते. चहाने आम्ही बुडालो नव्हतो. पगारदार म्हणून आम्हांला जो तो उधार देत होता, त्याने बुडालो. शेतमजुराला दुकानदार पाचशेवर थांबवतो. आम्हांला म्हणायचा, "न्या हो, पगार कुठं पळून जातोय?"

मोटारसायकलीचेही सांगतो. दुकानात म्हणाले, "फक्त बारा टक्के." आम्ही खूश झालो, पतसंस्थेपेक्षा स्वस्त! मग वर्गात बाईंनी फोड करून दाखवली. साठ हजारांवर बारा टक्के, दोन वर्षांचे व्याज १४,४००. एकूण ७४,४००. चोवीस हप्ते, ३,१०० चा एक. वरवर बरोबर आहे. पण पहिल्या महिन्यात आपल्याकडे साठ हजार असतात, शेवटच्या महिन्यात तीनच हजार उरलेले असतात. व्याज मात्र शेवटपर्यंत साठ हजारांवर लावले. उरलेल्या रकमेवर हिशेब केला, तर तो दर एकवीस-बावीस टक्के पडतो. पतसंस्था पंधरा टक्के घेत होती, पण उरलेल्या रकमेवर. म्हणजे महाग कोण आणि स्वस्त कोण, हे आम्हांला उलटेच समजले होते. आता १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेने किंवा फायनान्स कंपनीने घरगुती कर्ज देण्याआधी मुख्य माहितीचा कागद दिला पाहिजे, तोही आपल्याला समजणाऱ्या भाषेत. सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, तो त्यावर लिहिलेला असतो. हा कागद मागून घ्या. मागायला लाजू नका.

बरे, मग केले काय? कॅलेंडरवर प्रत्येक कर्जापुढे वर्षाचा दर लिहिला. सावकाराचे शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच. वर्षाला साठ टक्के! आकडा लिहिताना हात थांबला. आधी हेच फेडायचे ठरले.

पण कशातून? घरात विकण्यासारखी एकच वस्तू होती, आणि ती बँकेत होती. बोरमाळ. आत्याबाई जाऊन चार वर्षे झाली होती. त्यांची ती शेवटची खूण. दोन दिवस कोणी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी आबाच म्हणाले, "ती असती तर तिनं कधीच काढून दिली असती."

मेव्हण्याकडून एका दिवसासाठी पैसे घेतले, बँकेत ५६,००० भरले, बोरमाळ सोडवली. सराफाने घट धरून ९०,००० दिले. मेव्हण्याचे त्याच संध्याकाळी परत केले. उरले ३४,०००. एक बोकड विकला, त्याचे ६,००० आले. झाले चाळीस.

सावकार पैसे घ्यायला तयार होता, पण कोरा मुद्रांक परत देईना. "सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या." दोन फेऱ्या झाल्या. इथे थोडे जुने सांगतो. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकरी उठले, आणि दंगा आजूबाजूला पसरला. त्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. वाचता येत नव्हते, अंगठा कशावर उठवला ते ठाऊक नव्हते, म्हणून कागदच जाळले. मग १८७९ साली कायदा झाला. शेतकऱ्याचा रोखा नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे लिहिला जावा, असे त्यात होते. आम्हांला काही जाळायची गरज पडली नाही. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. पैसे भरल्याची पावती द्यावी लागते. आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आम्ही तर चाळीसवर बहात्तर दिले होते!

तुम्ही म्हणाल, मग मुद्दल तरी का दिले? तक्रार का केली नाही? खरे आहे. बाईंनीही तेच विचारले. पण ऑपरेशनच्या रात्री दार त्यानेच उघडले होते, हे आबा विसरायला तयार नव्हते. ते म्हणाले, "मुद्दल बुडवायचं नाही." आम्ही त्यांचे ऐकले. चूक की बरोबर, तुम्ही ठरवा.

तिसऱ्या फेरीला गावातली दोन माणसे बरोबर नेली. पैसे टेबलावर ठेवले, पण हातात दिले नाहीत. म्हटले, "मुद्रांक द्या. नाहीतर तालुक्याला सहाय्यक निबंधकांच्या कचेरीत अर्ज देतो." अर्ज लिहून आणला होता. आमच्यातल्या दुसरीच्या अक्षरात. त्याने अर्ज वाचला. मुद्रांक पाच मिनिटांत सापडला.

त्या महिन्यापासून सावकाराचे २,००० आणि बोरमाळेचे ५०० वाचले. भोक होते अडीच हजारांचे. बुजले. पुढे गटाचे कर्ज संपले, ते पुन्हा घेतले नाही. गटाच्या साहेबांनी फार आग्रह केला, "तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे, आता पन्नास देतो." आम्ही हात जोडले.

सगळे सरळ झाले असे नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात दोन्ही म्हशी एकदम भाकड झाल्या. तीन महिने दुधाचा पैसा नाही. दुकानाच्या वहीत पुन्हा ७,००० चढले. पण या वेळी ते दोघांनाही ठाऊक होते. कॅलेंडरवर लिहिले होते. ऑक्टोबरमध्ये मोटारसायकल फिटली, आणि तिच्या हप्त्यातून दुकानाचे भागवले. पतसंस्थेचा शेवटचा हप्ता २०२४ च्या मे महिन्यात भरला. साहेबाने 'बेबाकी'चा दाखला दिला. घरी येईपर्यंत तो तीन वेळा वाचला.

आता दर महिन्याला पगाराच्या दिवशी आम्ही दोघे बसतो. आधी एक हजार पोस्टाच्या आवर्ती ठेवीत जातात. पुन्हा कधी रात्री अकराला फोन आला, तर त्यासाठी. ज्याच्या खिशात जी चिठ्ठी असेल, ती तेव्हा बाहेर काढायची, असे ठरले आहे. अजून कधी कधी एखादी चिठ्ठी काढायला हात कचरतो. परवाच तंबाखूच्या उधारीची निघाली, साठ रुपयांची. तीही लिहिली.

बोरमाळ काही परत झालेली नाही. सोने आता फार महाग झाले. पण तो कोरा मुद्रांक आम्ही फाडला नाही. कॅलेंडरच्या त्याच कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवला आहे. कोणाला पाहायचा असेल, तर वर्ग सुटल्यावर घरी या.