खिशातले इंटरनेट आले कसे?



कामाबद्दल बोल, पण सगळ्यांना कळेल असे बोल, अशी संयोजकांची ताकीद आहे. म्हणून माझ्या पहिल्या नोकरीतला विषय घेते : मोबाइलवर इंटरनेट आले कसे?

१९९७ मध्ये एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि अनवायर्ड प्लॅनेट यांनी 'वॅप फोरम' स्थापन केला. वॅप म्हणजे वायरलेस ॲप्लिकेशन प्रोटोकॉल. १९९९ च्या नोकिया ७११० चा पडदा होता ९६ बाय ६५ ठिपक्यांचा, रंग नाहीत. जोडणीचा वेग सेकंदाला साधारण ९,६०० बिट. त्यात संगणकावरचे पान मावणार कसे?

म्हणून डब्ल्यूएमएल ही नवी भाषा आली. तिच्यात पानाऐवजी पत्त्यांचा जोड असे. एका मागणीत सगळा जोड फोनमध्ये येई, मग एकेक पत्ता उलटत जायचे. त्या फोनसाठी हा जोड सुमारे १,४०० बाइटांत बसवावा लागे. फोन आणि इंटरनेट यांच्यामध्ये 'गेटवे' नावाचा दुभाषी बसे. तो मजकूर आक्रसून फोनकडे धाडी.

या दुभाष्याचे दुखणेही होते. फोनपासून गेटवेपर्यंत एक कुलूप, पुढे दुसरे. कुलूप बदलताना मजकूर गेटवेवर क्षणभर उघडा पडे, अगदी पासवर्डसुद्धा. गेटवे बहुधा मोबाइल कंपनीचा, त्यामुळे ग्राहकापुढे काय मांडायचे हेही बरेचसे तीच ठरवी. शिवाय सुरुवातीला पैसे मिनिटावर. तुम्ही शांतपणे वाचत बसलात तरी मीटर चालूच! 'वॅप म्हणजे वेट अँड पे' हा विनोद तेव्हाचाच.

फेब्रुवारी १९९९ मध्ये जपानच्या डोकोमोने 'आय-मोड' आणले. पडदे तिथेही लहानच. पण पैसे वेळेवर नव्हे, किती माहिती आली त्यावर. आणि पाने वेबच्याच एचटीएमएलच्या सोप्या रूपात. ज्याला वेबपान लिहिता येई, त्याला हेही जमे. जपानी लोकांनी आय-मोड डोक्यावर घेतले. २००२ मध्ये आलेले वॅप २.० सुद्धा वेबच्या भाषेकडेच वळले. म्हणजे अडचण फक्त पडद्याची नव्हती. आकारणीची आणि दार कोणासाठी उघडे आहे याचीही होती.

ते दिवस चांगले होते असे मी म्हणणार नाही. पण १,४०० बाइटांनी एक सवय लावली : आधी विचारायचे, समोरच्याला नेमके काय हवे आहे? आज एका साध्या अर्जाच्या पानावर आम्ही इंजिनिअर मंडळी मोठमोठी चित्रे लादतो. शहरात ते कळतही नाही. गावाकडे रेंजची एकच काडी असलेल्या मुलीचा परीक्षेचा अर्ज मात्र फिरत्या चक्रावर अडकतो, तेही शेवटच्या तारखेला.

आपल्यापैकी कोणी शाळा चालवते, कोणी पतसंस्था, कोणी दवाखाना. तुमचे संकेतस्थळ करून घ्याल तेव्हा ते आधी स्वस्तातल्या फोनवर, गावच्या एसटी स्टँडवर उभे राहून उघडून बघा. तिथे उघडले, तरच बिल चुकते करा. मग ते बिल माझे का असेना!