चिल्लरीवर बट्टा कशाला?

घरच्या मडक्यात, शाळेच्या बचतपेटीत वर्षभर नाणी साठतात. मग कुणीतरी म्हणतो, "शंभराचे पंचाण्णव देतो." मुलांनी पै पै करून जमवलेले पाच रुपये असे जायचे!

थोडी चिल्लर असेल तर वाण्याला विचारा. त्याला रोज मोड लागते. तो रुपयास रुपया देईल.

जास्त असेल तर बँक गाठा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे प्रत्येक शाखेने नाणी घेतलीच पाहिजेत. ५० पैशांपासून २० रुपयांपर्यंतची चालतात. १० रुपयांची वेगवेगळ्या छापाचीही चालतात. २५ पैसे व त्याखालची मात्र ३० जून २०११ पासून चलनातून गेली, ती बाजूला काढा.

एकाच किमतीची शंभर-शंभर नाणी मोजून पिशव्या बांधा, बाजाराचा दिवस टाळा. खात्यात भरायला शुल्क पडते का, तेही आधी विचारून घ्या. नकार मिळाला तर लेखी तक्रार देऊन पोच घ्या.

आणि गुरुजी, मोजणी मुलांकडूनच करवा. उजळणी होईल, नि आपला पैसा पुरा कसा घ्यावा, हेही कळेल.